'आंबोंप्वँ' : एका फ्रेंच शब्दाचा अर्थप्रवास आणि देहविषयक मूल्यांचा इतिहास

सारांश

फ्रेंच भाषेतून इंग्रजीत गेलेला 'आंबोंप्वँ' हा शब्द शरीराच्या पुष्टतेचा वाचक आहे. 'चांगल्या स्थितीत' या अर्थाच्या तीन पदांच्या शब्दसमूहातून तो सिद्ध झाला. प्रारंभी आरोग्याची ग्वाही देणारा हा शब्द पुढे किंचित स्थूलतेचा सभ्य पर्याय बनला, त्यानंतर उपहासाचा विषय झाला आणि विसाव्या शतकात आरोग्यविषयक धोक्याच्या एका गटाचे नाव म्हणूनही वापरला जाऊ लागला. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती, फ्रेंच व इंग्रजी साहित्यातील त्याचे उपयोग आणि त्यामागील सामाजिक-आर्थिक परिस्थिती यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. शब्दाच्या अर्थात झालेला बदल हा अन्नाची उपलब्धता आणि शरीराचे मूल्यमापन करण्याचा अधिकार यांत झालेल्या स्थित्यंतराचा परिणाम आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आंबोंप्वँ, अर्थपरिवर्तन, स्थूलता, दुर्भिक्ष, फ्रेंच साहित्य, देहमापन.

प्रस्तावना

शब्दांचा इतिहास हा समाजाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन होय. राजाज्ञा, शिलालेख, दप्तरे यांतून राज्यकर्त्यांचे व्यवहार कळतात. परंतु समाजाला काय चांगले वाटत होते आणि कशाची लाज वाटत होती, हे अनेकदा नित्याच्या वापरातील शब्दांतूनच उलगडते. मानवी शरीराचे वर्णन करणारे शब्द या दृष्टीने विशेष बोलके असतात. शरीराचे वर्णन वरकरणी वस्तुनिष्ठ भासते. प्रत्यक्षात 'भरलेला', 'जाड', 'सुदृढ', 'लठ्ठ' यांपैकी कोणता शब्द निवडला जातो, त्यावरून वर्णन करणाऱ्याचा अभिप्राय आधीच व्यक्त झालेला असतो.

फ्रेंच भाषेने शरीरयष्टीविषयक अनेक शब्द युरोपातील इतर भाषांना दिले. सडपातळ व डौलदार या अर्थाचा 'स्वेल्ट' हा शब्द मूळचा इटालियन असला तरी इंग्रजीत तो फ्रेंचमार्फतच पोहोचला. लहान चणीच्या स्त्रीसाठी योजला जाणारा 'पेटीट' हाही फ्रेंचच. या शब्दसमूहात 'आंबोंप्वँ' या शब्दाचे स्थान वेगळे आहे. इतर शब्द आकार सांगतात. हा शब्द मुळात आकार सांगतच नव्हता. तो शरीराविषयीचा निर्णय सांगत होता. निर्णयाचा शब्द आकाराचा शब्द कसा झाला आणि पुढे त्या आकाराविषयीचा निर्णयच उलट कसा झाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

व्युत्पत्ती आणि मूळ अर्थ

'आंबोंप्वँ' या शब्दाचे तीन घटक आहेत. 'आं' म्हणजे 'मध्ये' किंवा सप्तमीचा प्रत्यय, 'बों' म्हणजे 'चांगला' आणि 'प्वँ' म्हणजे 'बिंदू' किंवा 'स्थिती'. यांतील 'प्वँ' हा शब्द लॅटिनमधील 'पुंक्तुम्' या शब्दापासून आला. टोचून केलेली खूण हा त्याचा मूळ अर्थ. खुणेवरून नेमकी जागा, नेमक्या जागेवरून विशिष्ट अवस्था असा त्याचा अर्थविस्तार झाला. मध्ययुगीन फ्रेंचमध्ये एखादी व्यक्ती 'आं बों प्वँ' आहे असे म्हटले म्हणजे ती चांगल्या अवस्थेत, धडधाकट आहे, एवढाच बोध होत असे. त्यात जाडीचा उल्लेख नव्हता.

याचा विरुद्धार्थी शब्दप्रयोग 'माल आं प्वँ' आजही फ्रेंचमध्ये प्रचलित आहे. आजारी, खंगलेल्या अथवा दुरवस्थेतील माणसाविषयी तो वापरतात. या जोडीतील वाईट अवस्थेचा शब्द आपल्या मूळ अर्थाशी प्रामाणिक राहिला, तर चांगल्या अवस्थेच्या शब्दाचा अर्थ पालटला, ही बाब लक्षणीय आहे. आजार म्हणजे काय याविषयी समाजाचे मत फारसे बदलले नाही. आरोग्य कसे दिसते याविषयीचे मत मात्र बदलले.

सोळाव्या शतकात ही तीन पदे एकत्र येऊन त्यांचे एक नाम बनले. या संयोगाची साक्ष शब्दाच्या लेखनातही टिकून आहे. फ्रेंच लेखननियमानुसार 'ब' आणि 'प' या वर्णांपूर्वी 'न' ऐवजी 'म' लिहिला जातो. या शब्दात पहिल्या पदातील 'न' चा नियमाप्रमाणे 'म' झाला, परंतु दुसऱ्या पदाच्या अखेरचा 'न' मात्र 'प' पूर्वी येऊनही तसाच राहिला. त्यामुळे फ्रेंच शाळांतून हा शब्द नियमाच्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणून शिकविला जातो. 'चांगला' या अर्थाचे पद शब्दाच्या मध्यभागी आजही अविकृत स्वरूपात उभे आहे. अर्थ पालटला, तरी लेखनाने जुनी आठवण जपली.

हा शब्दप्रयोग इंग्लंडमध्ये एकनाम होण्यापूर्वीच पोहोचला होता. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेफ्री चॉसर या कवीने 'कँटरबरी टेल्स'च्या उपोद्घातात मठवासी साधूचे जे व्यक्तिचित्र रेखाटले आहे, त्यात या फ्रेंच शब्दप्रयोगाचे शब्दशः इंग्रजी रूप आढळते. हा साधू चांगला लठ्ठ आहे आणि 'चांगल्या स्थितीत' आहे, असे कवी सांगतो. लठ्ठपणा आणि सुस्थिती या दोन गोष्टी तेथे स्वतंत्रपणे नोंदविल्या आहेत. अर्थात विरक्तीचे व्रत घेतलेल्या माणसाची ही सुस्थिती कोठून आली, हा प्रश्न वाचकाच्या मनात यावा अशीच कवीची योजना आहे.

दुर्भिक्षाचा काळ आणि पुष्टतेचे मूल्य

'चांगली अवस्था' या अर्थाचा शब्द 'पुष्टता' या अर्थाकडे का सरकला, याचे उत्तर भाषेच्या व्याकरणात नव्हे, तर धान्याच्या कोठारात शोधावे लागते. सतराव्या शतकातील फ्रान्स हा शेतीप्रधान देश होता. सामान्य कुटुंबाच्या आहारात पाव हाच मुख्य पदार्थ असे आणि एक पीक बुडाले की उपासमार ओढवत असे. अशा समाजात अंगावर थोडे मांस असणे हे आरोग्याचे दृश्य प्रमाण ठरले. पुढच्या टंचाईत तग धरण्याची ती शिदोरी होती.

या अर्थाचा एक सुंदर साहित्यिक पुरावा ला फोंतेन यांच्या १६६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या बोधकथासंग्रहात सापडतो. इसापनीतीमुळे मराठी वाचकाला परिचित असलेली लांडगा आणि कुत्रा यांची कथा त्यांनी फ्रेंच पद्यात सांगितली. हाडे आणि कातडे एवढेच उरलेला लांडगा गुबगुबीत कुत्र्याला भेटतो आणि अदबीने त्याच्या 'आंबोंप्वँ'ची प्रशंसा करतो. येथे हा शब्द निखळ कौतुकाचा आहे. त्यात उपहासाची छटा नाही. असलाच तर हेवा आहे. परंतु कथेचा शेवट वेगळ्या दिशेने जातो. कुत्र्याच्या मानेवर पट्ट्याने पडलेला घट्टा लांडग्याला दिसतो आणि तो उपाशी पोटाने रानात पळून जातो. पुष्टतेची किंमत स्वातंत्र्याने मोजावी लागते, हा बोध चौदाव्या लुईच्या दरबारी संस्कृतीच्या पार्श्वभूमीवर विशेष अर्थपूर्ण ठरतो. या कथेत शरीराची सुस्थिती आणि माणसाची सुस्थिती यांत प्रथमच अंतर पडलेले दिसते.

फ्रेंच अकादमीने आपला पहिला शब्दकोश २४ ऑगस्ट १६९४ रोजी चौदाव्या लुईला अर्पण केला. शरीराची चांगली अवस्था, असा या शब्दाचा अर्थ त्यात दिला असून किंचित पुष्ट व्यक्तींविषयी तो वापरला जातो, असेही सुचविले आहे. आरोग्य आणि पुष्टता हे दोन्ही अर्थ तेथे एकाच नोंदीत गुण्यागोविंदाने नांदतात. हा कोश ज्या वर्षी राजाच्या हाती पडला, ते वर्ष फ्रान्सच्या इतिहासातील भीषण दुर्भिक्षाचे होते. १६९३-९४ च्या दुष्काळात व त्यामागून आलेल्या साथींत सुमारे १३ लाख माणसे अधिकची मृत्युमुखी पडली, असा इतिहासकार मार्सेल लाशिव्हेर यांचा अंदाज आहे. त्या वेळी फ्रान्सची लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास होती. ज्या देशात गवत आणि कोंडा खाऊन माणसे दिवस काढीत होती, तेथे किंचित पुष्ट शरीराला 'चांगली अवस्था' म्हणणे ही अतिशयोक्ती नव्हती. तो अनुभवाचा शब्द होता.

मात्र ही 'चांगली अवस्था' सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नव्हती. ज्यांच्या घरी कोठार होते, त्यांचेच शरीर या शब्दास पात्र होते. त्यामुळे हा शब्द आरोग्याबरोबरच नकळत प्रतिष्ठाही सांगू लागला.

आहारविचारातील स्थित्यंतर

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शहरी मध्यमवर्गाच्या ताटात पुरेसे अन्न येऊ लागले आणि त्याबरोबर पुष्टतेला मर्यादा असावी हा विचारही बळावला. या संक्रमणाचा प्रातिनिधिक लेखक म्हणजे जाँ आंतेल्म ब्रिया-साव्हारँ. व्यवसायाने न्यायाधीश असलेल्या या गृहस्थाचा 'रसनेचे शरीरशास्त्र' हा ग्रंथ डिसेंबर १८२५ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूपूर्वी अवघे दोन महिने आधी प्रसिद्ध झाला. त्यात स्थूलतेचे कारण, स्थूलतेवरील उपाय आणि कृशता यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत.

ब्रिया-साव्हारँने स्थूलतेचे प्रमुख कारण म्हणून पीठ व पिष्टमय पदार्थांकडे बोट दाखविले. ज्यात केवळ पोट सुटते, अशा स्थूलतेला त्याने वेगळे नाव दिले आणि आपणही त्याच वर्गात मोडतो, हे मोकळेपणाने कबूल केले. आपल्या पोटाला तो एका बलाढ्य शत्रूची उपमा देतो. परंतु त्याच ग्रंथात कृश स्त्रियांनी अंग भरण्यासाठी कोणता आहार घ्यावा याचेही सविस्तर मार्गदर्शन आहे. ताजा पाव, अंडी, पिष्टमय पदार्थ आणि विश्रांती यांचा तो पुरस्कार करतो. जे पदार्थ स्थूलांना निषिद्ध, तेच कृशांना औषध. यावरून असे दिसून येते की, १८२५ च्या सुमारास 'आंबोंप्वँ' आणि 'ओबेझिते' म्हणजे स्थूलता या दोन भिन्न गोष्टी होत्या. पहिली मिळवावयाची आणि दुसरी टाळावयाची. त्यांच्या मधली सीमारेषा मात्र तराजूने नव्हे, तर डोळ्यांनी आणि अभिरुचीने ठरत होती.

'ओबेझिते' या शब्दाचा इतिहासही उद्बोधक आहे. लॅटिनमधील 'ओबेसुस्' हे विशेषण 'खाणे' या अर्थाच्या धातूपासून बनले. प्राचीन काळी त्याचा अर्थ 'खाल्ला गेलेला', म्हणजे झिजलेला, कृश असाही होत असे. पुढे 'खाऊन लठ्ठ झालेला' हाच अर्थ शिल्लक राहिला. शरीरविषयक शब्दांचे अर्थ संपूर्ण उलटे फिरण्याची प्रवृत्ती केवळ एका शब्दापुरती मर्यादित नाही, हे यावरून स्पष्ट होते.

या शतकातील पुढचा टप्पा इंग्लंडमध्ये दिसतो. लंडनमधील अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे व्यावसायिक विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये स्थूलतेविषयी जनतेस उद्देशून एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पाच फूट पाच इंच उंचीच्या बँटिंग यांचे वजन २०२ पौंड होते. विल्यम हार्वे या वैद्याच्या सल्ल्याने त्यांनी पाव, साखर, बटाटे, बिअर इत्यादी पदार्थ वर्ज्य केले आणि सुमारे वर्षभरात ४६ पौंड वजन घटविले. बँटिंग यांचे नाव इंग्रजीत काही काळ क्रियापद बनले. स्वीडिश भाषेत तर वजन घटविणे या अर्थाचे क्रियापद आजही त्यांच्याच नावावरून ओळखले जाते. येथे शरीर प्रथमच आकड्यांत बोलू लागले. आकडा बोलू लागला, तेव्हा 'चांगली अवस्था' यासारख्या अभिरुचीच्या शब्दाचा अधिकार कमी होणे अपरिहार्य होते.

राजकारण आणि साहित्यातील पुष्ट देह

पुष्टतेचे नैतिक मूल्य घसरण्यास केवळ आहारशास्त्र कारणीभूत नव्हते. फ्रेंच राज्यक्रांतीने लठ्ठ शरीराला राजकीय अर्थ प्राप्त करून दिला. जून १७९१ मध्ये सोळाव्या लुईचा पलायनाचा प्रयत्न व्हारेन येथे फसल्यानंतर स्थूल राजाची डुकराच्या रूपातील व्यंगचित्रे मोठ्या प्रमाणात प्रसिद्ध झाली. लोक पावासाठी रांगेत उभे असताना राजाचे पोट हे लुटीचे प्रमाण मानले गेले. पुढे १८३१ मध्ये शार्ल फिलिपाँ याने राजा लुई-फिलिप याचा चेहरा हळूहळू नाशपतीच्या फळात परिवर्तित होताना रेखाटला. त्याच वर्षी ऑनोरे दोमिए याने राजाला जनतेचा पैसा गिळणाऱ्या राक्षसाच्या रूपात दाखविले आणि त्याबद्दल त्याला १८३२ मध्ये सहा महिन्यांचा कारावास झाला. आरोग्याचे लक्षण मानला गेलेला देह आता शोषणाचे लक्षण म्हणून ओळखला जाऊ लागला.

एमिल झोला यांच्या १८७३ मधील 'पॅरिसचे पोट' या अर्थाच्या शीर्षकाच्या कादंबरीत हा संघर्ष कथानकाच्या केंद्रस्थानी आहे. पॅरिसच्या मध्यवर्ती अन्नबाजाराच्या पार्श्वभूमीवर ही कथा घडते. राजकीय कारणांवरून हद्दपार झालेला आणि सुटून परतलेला फ्लोरां हा कृश तरुण आपल्या भावाच्या भरभराटीला आलेल्या मांसविक्रीच्या दुकानात आश्रय घेतो. त्याची भावजय लिझा देखणी, भरलेल्या अंगाची आणि आपल्या सुव्यवस्थित संसाराविषयी अत्यंत जागरूक आहे. कादंबरीतील क्लोद हा चित्रकार सर्व जगाची 'लठ्ठ' आणि 'हडकुळे' अशी विभागणी करतो. अखेरीस तृप्त माणसांचा समाज अस्वस्थ करणाऱ्या कृश माणसाला पोलिसांच्या स्वाधीन करतो. लिझाची पुष्टता हे तिच्या सुस्थितीचे लक्षण आहेच. त्या सुस्थितीच्या रक्षणासाठी ती काय करावयास तयार आहे, हा झोला यांचा प्रश्न आहे.

'आंबोंप्वँ' या शब्दाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची साहित्यकृती म्हणजे गी द मोपासाँ यांची १८८० मध्ये प्रसिद्ध झालेली 'बूल द स्वीफ' ही दीर्घकथा होय. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या काळात रूआँ शहरातून निघालेल्या घोडागाडीतील प्रवाशांची ही कथा. त्यांच्यात उमराव, गिरणीमालक, दारूचा व्यापारी, जोगिणी आणि एक गणिका आहे. अकाली आलेल्या 'आंबोंप्वँ'मुळे या गणिकेला 'चरबीचा गोळा' या अर्थाचे टोपणनाव पडले आहे, असे लेखक प्रारंभीच सांगतो. बर्फाने वाट अडते, प्रतिष्ठित प्रवासी भुकेने व्याकूळ होतात. तेव्हा तीच आपल्या टोपलीतील अन्न सर्वांना वाढते. पुढे शत्रूचा एक अधिकारी गाडी अडवून तिची मागणी करतो. ती बाणेदारपणे नकार देते. परंतु आपली सुटका व्हावी म्हणून हेच सभ्य सहप्रवासी तिचे मन वळवितात. काम साधल्यावर पुढच्या प्रवासात ते स्वतःचे अन्न तिच्यासमोर खातात आणि तिला कोणी घासही देत नाही.

या कथेत शब्दाच्या इतिहासातील सर्व अवस्था एकत्र आलेल्या दिसतात. पुष्टता आकर्षक आहे, म्हणून अधिकाऱ्याची नजर पडते. पुष्टता उपहासास्पद आहे, म्हणून टोपणनाव पडते. पुष्टता अन्नाची खूण आहे आणि ती खूण खरीही ठरते, कारण प्रत्यक्षात सर्वांना जगविणारे अन्न तिच्याच टोपलीत असते. जिला चरबीचा गोळा म्हणून हिणविले, तीच कथेतील एकमेव 'चांगल्या अवस्थेतील' व्यक्ती आहे. शब्दाचा मूळ अर्थ लेखकाने शरीरावरून काढून माणसाच्या वागणुकीला परत दिला, असे म्हणता येईल.

इंग्रजीतील सभ्य आवरण

इंग्रजीने हा शब्द एकसंध नामाच्या रूपात स्वीकारला आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तो सुशिक्षित वर्गाच्या लेखनात रूढ झाला. इंग्रजीत पुष्टतेसाठी शब्दांची वाण नव्हती. तरीही हा परका शब्द घेतला गेला, याचे कारण त्याच्या परकेपणातच होते. आपल्या भाषेत जे बोलणे अप्रशस्त वाटते, ते परभाषेच्या आडून बोलता येते. प्रौढ वयात अंग धरलेल्या स्त्रीविषयी, क्वचित पुरुषाविषयीही, टीका न करता लिहावयाचे असेल, तर हा शब्द सोयीचा होता.

परंतु आवरण जुने झाले की त्यातून आतील वस्तू दिसू लागते. जेम्स जॉइस यांच्या १९२२ मधील 'युलिसिस' या कादंबरीत नायक लिओपोल्ड ब्लूम पत्नीसाठी पुस्तकाच्या दुकानात एक शृंगारिक कादंबरी चाळतो. त्या कल्पित कादंबरीतील नायिकेच्या वर्णनात हा शब्द येतो आणि तेथे त्याचा रोख सरळ स्त्रीच्या वक्षस्थळाकडे आहे. आजच्या इंग्रजी कोशांतही पुष्टतेबरोबर हा अर्थ नोंदविलेला आढळतो. संपूर्ण माणसाच्या सुस्थितीपासून निघालेला शब्द स्त्रीदेहाच्या एका भागापर्यंत आक्रसला. या संकोचात बघणाऱ्याची नजर कोणाची होती, हेही स्पष्ट होते.

मोजमापाचे युग

विसाव्या शतकात शरीराविषयी निर्णय देण्याचा अधिकार कवी, पाककलेचे जाणकार आणि आप्तेष्ट यांच्याकडून संख्याशास्त्राकडे गेला. त्याचा पाया बेल्जियन शास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घातला. प्रौढ माणसांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, असे त्यांनी दाखविले. केतले यांचा हेतू स्थूलतेची परीक्षा करणे हा नव्हता; १८३५ च्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथाचा विषय 'सरासरी मनुष्य' हा होता. पुढे अमेरिकन आयुर्विमा कंपन्यांनी मृत्युमानाच्या आधारे उंची-वजनाची कोष्टके तयार केली आणि १९७२ मध्ये एन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी केतले यांच्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २५ व त्याहून अधिक निर्देशांक म्हणजे अतिरिक्त वजन आणि ३० व त्याहून अधिक म्हणजे स्थूलता होय.

या टप्प्यावर 'आंबोंप्वँ' या शब्दाच्या अर्थाने पूर्ण वळण घेतले. फ्रान्समध्ये वैद्यकीय लेखनात 'स्युरप्वा' म्हणजे अतिरिक्त वजन हा शब्द रुळला आणि 'आंबोंप्वँ' बोलीतील सौम्य शब्द म्हणून उरला. कॅनडाच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने मात्र आपल्या फ्रेंच प्रकाशनांत २५ ते ३० या दरम्यानच्या निर्देशांकाच्या गटासाठी 'आंबोंप्वँ' हाच शब्द योजला. 'चांगल्या स्थितीत' असा शब्दशः अर्थ असलेला शब्द सरकारी कोष्टकात आरोग्याला धोका असलेल्या गटाचे शीर्षक झाला. अर्थपरिवर्तनाचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

आकडे अधिक विश्वसनीय असले, तरी सीमारेषा आखण्याचे काम माणसेच करतात. १९९८ मध्ये अमेरिकेत अतिरिक्त वजनाची मर्यादा स्त्री-पुरुषांसाठी २५ वर आणण्यात आली, तेव्हा एक ग्रॅमही वजन न वाढता कोट्यवधी माणसे नव्या गटात गेली. भारतीयांमध्ये कमी निर्देशांकावरही मधुमेह व हृदयविकाराचा धोका आढळत असल्याने २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांत अतिरिक्त वजनाची मर्यादा २३ व स्थूलतेची २५ ठरविण्यात आली. २०१३ मध्ये कॅथरिन फ्लेगल व सहकाऱ्यांनी ९७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन अतिरिक्त वजनाच्या गटात मृत्युमान किंचित कमी असल्याचे दाखविले. २०१६ मध्ये धूम्रपान न करणाऱ्या व दीर्घ व्याधी नसलेल्या व्यक्तींपुरता विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने याच गटात मृत्युमान अधिक असल्याचा निष्कर्ष काढला. म्हणजे किंचित पुष्ट शरीर 'चांगल्या अवस्थेत' असते काय, हा अकादमीच्या कोशातील प्रश्न नव्या परिभाषेत पुन्हा चर्चिला जात आहे. अतिस्थूलतेचे दुष्परिणाम निर्विवाद आहेत. वाद आहे तो या मधल्या पट्ट्याविषयी, म्हणजे नेमका 'आंबोंप्वँ'विषयी.

मराठीतील समांतर शब्दव्यवहार

हा अर्थप्रवास केवळ फ्रेंचचे वैशिष्ट्य नाही. मराठीत मूल अंगाने भरले की ते 'बाळसे' धरते, असे म्हणतात. या शब्दात पुष्टता आणि निरोगीपणा अभिन्न आहेत. 'खात्यापित्या घरचा' या वाक्प्रचारात शरीरावरून घरच्या कोठाराचा अंदाज बांधला जातो. अरबी-फारसीतून आलेला 'तब्येत' हा शब्द मराठीत आरोग्यवाचक असूनही बोलीत 'तब्येत सुधारली' हे विधान कित्येकदा वजन वाढल्याचे सौम्य सूचन असते. याउलट चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचीही निंदित शरीरांत गणना करून स्थौल्यापेक्षा कार्श्य बरे, असे म्हटले आहे. वैद्याचा शब्द आणि लोकांचा शब्द यांत अंतर असणे ही जुनी गोष्ट आहे, हे यावरून लक्षात येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. 'आंबोंप्वँ' हा शब्द मुळात शरीराच्या आकाराचा नव्हे, तर सुस्थितीचा वाचक होता. दुर्भिक्षाच्या छायेतील समाजात पुष्टता हेच सुस्थितीचे दृश्य लक्षण असल्याने तो पुष्टतावाचक बनला.

२. अन्न मुबलक होऊ लागल्यावर पुष्टतेचे आरोग्यमूल्य ओसरले आणि राज्यक्रांतीनंतरच्या व्यंगचित्रांत व कादंबऱ्यांत तिला विषमतेचे प्रतीक म्हणून स्थान मिळाले. त्यामुळे शब्दातील प्रशंसा लोपून सौम्य उपहास शिल्लक राहिला.

३. इंग्रजीत हा शब्द सभ्य आवरण म्हणून स्वीकारला गेला. परंतु त्याचा उपयोग प्रामुख्याने स्त्रीदेहाविषयी होऊन त्याचा अर्थसंकोच झाला.

४. मोजमापाच्या युगात हाच शब्द धोक्याच्या गटाचे नाव बनला. येथे शरीर बदलण्यापूर्वी त्याला पारखण्याचे साधन बदलले होते.

जुन्या साहित्यकृतींचे अध्यापन व भाषांतर करताना या निष्कर्षांचे महत्त्व ध्यानात घेणे आवश्यक आहे. ला फोंतेन यांच्या लांडग्याच्या तोंडी 'लठ्ठपणा' हा शब्द घातला, तर त्याची प्रशंसा टोमणा ठरेल. मोपासाँच्या कथेत तोच शब्द 'सुदृढता' असा भाषांतरित केला, तर टोपणनावातील बोचरेपणा नाहीसा होईल. दोन्ही ठिकाणी मूळ शब्द एकच असला, तरी त्यांच्या मध्ये दोनशेहून अधिक वर्षांची भूक, क्रांती आणि बाजारपेठ उभी आहे. वर्गात, दवाखान्यात किंवा घरात एखाद्याच्या शरीरासाठी जो शब्द उच्चारला जातो, त्यामागेही असाच इतिहास असतो. तो माहीत नसला, तरी ज्याला उद्देशून शब्द उच्चारला जातो त्याला त्यातील निर्णय अचूक ऐकू येतो. म्हणून देहविषयक शब्दांची निवड ही केवळ शैलीची बाब न राहता जबाबदारीची बाब ठरते.